कप्तानाची स्मृती

भविष्याची कथा सांगताना भूतकाळ किती आठवायचा, हे बरेचसे त्या कथेचा नायक कोण यावर ठरते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरदर्शन-मालिकांकडे मी याच दृष्टीने पाहतो. १९६६ च्या मालिकेतला कर्क आणि १९८७ च्या मालिकेतला पिकार्ड हे दोघे गोरे कप्तान. त्यांचे यान एका ग्रहाचा प्रश्न सोडवते आणि पुढे निघते. त्यामुळे या मालिकांचा सूर मुख्यतः निश्चिंत आशावादाचा आहे.

१९९३ ते १९९९ या काळातील ‘डीप स्पेस नाइन’चा नायक बेंजामिन सिस्को कृष्णवर्णीय आहे. भूमिका एव्हरी ब्रुक्सची. त्याच्याकडे आहे ते एक अंतराळस्थानक. कार्डेशियन सत्तेने बजोरन लोकांच्या वेठबिगारीवर उभारलेले. जेते निघून गेले, जखमा राहिल्या. सिस्कोला त्या जखमांमध्येच राहायचे आहे. म्हणून इथे अन्यायाचा हिशेब भाग संपला तरी मिटत नाही.

१९९८ च्या ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागाचे दिग्दर्शन ब्रुक्सनेच केले. त्यात सिस्को स्वतःला १९५३ च्या न्यूयॉर्कमधील बेनी रसेल हा लेखक म्हणून अनुभवतो. बेनी कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो. ‘हे सारे स्वप्न होते’ असा शेवट करण्याची तडजोडही तो स्वीकारतो. तरीही मालक छापलेला अंकच नष्ट करतो आणि बेनीची नोकरी जाते. स्वप्न पाहण्याचा हक्कसुद्धा प्रस्थापितांच्या परवानगीवर!

१९९९ च्या एका भागात सहकारी १९६२ च्या लास वेगासच्या आभासी देखाव्यात रमतात. सिस्को आधी नकार देतो. त्या काळी आपल्या लोकांना तिथे गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता, हे तो विसरलेला नाही. शेवटी तो जातो, पण ही आठवण मांडून.

चोविसाव्या शतकात वर्णभेद उरलेला नाही, मग हे उकरायचे कशाला, असा आक्षेप घेता येईल. ‘आता जात कुठे राहिली?’ हा प्रश्न ऐकत आलेल्या आपल्याला तो नवा नाही. विसरणे त्यालाच सोपे, ज्याने सोसलेले नसते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. कर्क आणि पिकार्ड पहिल्या भागापासून कप्तान होते. सिस्को ‘कमांडर’ होता. त्याला कप्तानपद मिळाले ते तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, १९९५ साली.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली. त्या नात्याने आपल्या विज्ञानकथेलाही विचारले पाहिजे : यान कोणाच्या हाती आहे, आणि तो कोणत्या वस्तीतून आला?