बसवलेला नाच आणि सुचलेला नाच

डिसेंबर उजाडला की पनवेलच्या शाळांत एकच लगबग सुरू होते. गॅदरिंग जवळ आलेले असते आणि 'डान्स बसवायचा' असतो. गाणे मोबाइलवर ठरते, स्टेप यूट्यूबवरून घेतल्या जातात, ठेंगणी मुले पुढे आणि उंच मुले मागे उभी राहतात, पोशाख भाड्याने येतो. शाळेच्या मैदानावरचा मांडव असो की आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाचा रंगमंच, चार मिनिटे मुले तालात हलतात आणि पालक टाळ्या वाजवतात. त्यामागे शिक्षकांचे कष्ट असतात, मुलांनाही मजा येते. तरी एक प्रश्न विचारायला हवा. त्या चार मिनिटांतली एक तरी हालचाल मुलाला स्वतःला सुचलेली असते का?

ज्याला आता 'क्रिएटिव्ह मूव्हमेंट' म्हटले जाते, त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते. इथे शिक्षक स्टेप दाखवत नाही, अडचण घालतो. पाण्याने भरलेली कळशी डोक्यावर आहे आणि वाट निसरडी आहे, तर कसे चालाल? लोकलमध्ये चौथी सीट मिळाली आहे, तर बसाल कसे? प्रत्येक मूल आपले उत्तर अंगाने देते आणि दोन उत्तरे सारखी नसतात.

या विचाराला शास्त्राचा पाया मिळाला तो रुडॉल्फ लाबान यांच्यामुळे. जर्मनी सोडून इंग्लंडात आलेले हे नृत्यकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. एफ. सी. लॉरेन्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'एफर्ट' हे पुस्तक १९४७ मध्ये आले आणि लगेच पुढच्या वर्षी शिक्षकांसाठीचे 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स'. वजन, अवकाश, वेळ आणि ओघ या चार अंगांनी त्यांनी हालचाल पाहिली. दाबणे, पिळणे, झटकणे, टिपणे, तरंगणे अशा मूळ क्रिया त्यांनी वेगळ्या काढल्या. मराठी घरातल्या मुलाला हे काही परके नाही. धुणे पिळताना, ओले हात झटकताना, भाकरी थापताना माणसाचे अंग कसे चालते, हे त्याने रोज पाहिलेले असते.

आपल्याकडे तर याचा फार जुना आणि फार समृद्ध साठा आहे. मंगळागौरीचे खेळ घ्या. सूप नाचवायचे, दोडका किसायचा, लाटणे फिरवायचे, गाठोडे होऊन लोळायचे, कोंबडा होऊन उड्या मारायच्या, तवा फुगडी घालायची. बायकांनी दिवसभराचे काम आणि घरातली भांडीकुंडी उचलून त्यांचा खेळ केला. विषय रोजचा, साधन स्वतःचे अंग, आणि दर घरी थोडी वेगळी तऱ्हा. आज हे खेळ स्पर्धांमध्ये दिसतात. नऊवारी एकसारखी असते, रांगा अचूक असतात, सराव महिनाभर चाललेला असतो. खेळ टिकले याचा आनंद आहेच. पण खेळता खेळता नवे काही काढण्याची मोकळीक त्यांतून हरवत चालली आहे, हेही नोंदवले पाहिजे.

कोळी नृत्याचे असेच झाले. पनवेलला कोळीवाडा आहे, खाडी आहे. तरीही गॅदरिंगमधला कोळी नाच म्हणजे ठरलेली वल्ह्याची हालचाल, ठरलेला ठुमका आणि डोक्यावर टोपली. पाग फेकताना अंग कंबरेतून कसे वळते, भरलेले जाळे ओढताना टाचा कशा रोवल्या जातात, हे एकदा मुलांना नीट बघू दिले तर तोच नाच किती वेगळा होईल!

पनवेलच्या आसपास अशा विषयांना तोटा नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये या गावाची ओळख बैलगाड्या बनवणारे गाव अशी आहे. कारागीर आणि कष्टकरी वर्गातले जवळपास प्रत्येक कुटुंब गाडीचा एखादा भाग घडवण्यात गुंतलेले असे, असे तिथे म्हटले आहे. एक मूल तुंबा, बाकीची आरे, हातात हात गुंफून भोवती धाव, आणि आता हे चाक चिखलातून जायचे आहे! इतक्या एका कल्पनेवर पहिलीच्या वर्गाचा अर्धा तास भरतो. मिठागरात मीठ ओढून ढीग घालणारे हात आहेत, भातलावणीत रुतणारे पाय आहेत, स्टँडवर मागे घेतली जाणारी एसटी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे विमानही आता तालुक्याचाच विषय झाले आहे.

मात्र विषय रोजचा घेतला म्हणजे काम झाले असे नाही. 'विमान व्हा' म्हटल्यावर सगळा वर्ग हात पसरून गोल धावतो, 'फुलपाखरू व्हा' म्हटल्यावर सगळे हात फडफडतात. या क्षेत्रातला मोठा दोष हाच आहे. बालवाड्यांतली कृतिगीतेही इथेच अडकतात. शब्द आला की ठरलेला हावभाव येतो. पुढचा प्रश्न विचारणारा शिक्षक हवा. विमानाची चाके जमिनीवरून सुटतात तेव्हा अंगातले वजन कुठे जाते? पंख ओले झाले तर फुलपाखरू उडेल कसे? अशा प्रश्नांनी मूल नक्कल सोडून विचार करू लागते, आणि हा विचार त्याच्या गुडघ्यांत, पाठीत, मानेत दिसतो.

शास्त्रीय नृत्याच्या वर्गांबद्दलही बोलायला हवे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांनी कथक आणि भरतनाट्यमच्या शिक्षणाला गावोगावी शिस्त आणली, हे त्यांचे मोठे काम आहे. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला थेट परीक्षेच्या वाटेवर आणण्याची घाई पालकांनी करू नये. आधी दोन वर्षे मुक्त हालचाल, मग कथकचा तत्कार किंवा भरतनाट्यमचा अडवू, असा क्रम अधिक हिताचा.

मुलांना मोकळेपणाने शिकू देण्याचे वारे महाराष्ट्रात पूर्वीही वाहिले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडला वारली मुलांत काम केले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधने होती, आणि शाळा पाड्यावरच्या अंगणात भरे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' आणले, तेव्हा मुलांच्या नाटकाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. ज्याला नाटक, गाणे किंवा खेळ असे नाव देता येत नाही, त्या निव्वळ हालचालीच्या शिक्षणाला मात्र अशी ठाम मराठी चळवळ लाभली नाही.

अडचणी खऱ्या आहेत. वर्ग बाकांनी भरलेले, पटसंख्या मोठी, आणि 'मला नाचता येत नाही' म्हणून शिक्षक मागे सरतात. यातली शेवटची अडचण सर्वांत सोपी आहे, कारण इथे शिक्षकाने नाचायचेच नसते. त्याने पाहायचे आणि विचारायचे असते. मुलगे लाजतात हे खरे, पण जाळे ओढायचे किंवा चाक फिरवायचे म्हटले की तेच पुढे येतात. व्हीलचेअरवरच्या मुलाला रांगेतल्या स्टेपमध्ये जागा नसते, इथे असते.

धोरणेही आता अनुकूल आहेत. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी शारीरिक विकास आणि कला यांना भाषा-गणिताच्या बरोबरीचे स्थान आहे. राज्याने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आणला. त्या शनिवारी एक तास बाक भिंतीला सारून मुलांना अनवाणी मोकळे सोडता येईल.

पनवेलच्या शाळांनी आणि क्लासचालकांनी यंदाच्या गॅदरिंगमध्ये दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्यात गाणे मुलांनी निवडावे, विषय गल्लीतला असावा आणि एकही हालचाल मोठ्यांनी शिकवलेली नसावी. रांगा चुकतील, एखादे मूल मध्येच थांबेल. पालकांनी त्या दहा मिनिटांतही मोबाइल खाली ठेवून नीट पाहावे.