दरवाजा, बुरुज आणि पसाभर गहू

महाराष्ट्रात कामावर जाणाऱ्या आईला राज्यसंस्थेने एक नाव दिले आहे : हिरकणी. एस.टी.ची निमआराम गाडी हिरकणी. बसस्थानकावर, सरकारी कचेरीत तान्ह्या लेकराला पाजण्यासाठी जी खोली राखून ठेवायची, तीही हिरकणी कक्ष. योजनेला आपण कोणत्या कथेचे नाव देतो, यावरून त्या प्रश्नाकडे आपण कसे पाहतो ते कळते. म्हणून या लेखात हिरकणीची कथा पुन्हा एकदा वाचायची आहे आणि तिच्या शेजारी वऱ्हाडातली दुसरी एक कथा ठेवायची आहे. दोन्हींच्या केंद्रस्थानी तान्ह्या लेकराची आई आहे. दोन्ही आख्यायिका आहेत. त्यांचा ऐतिहासिक पुरावा तपासणे हा या लेखाचा हेतू नाही. लोकांनी त्या कशा सांगितल्या, सांगताना कशावर भर दिला आणि काय सोडून दिले, एवढेच पाहायचे आहे.

हिरकणीची कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रायगडाच्या पायथ्याची गवळण दूध घालायला गडावर गेली. दिवस कोजागरीचा. परतायला उशीर झाला आणि सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ होते. तिने विनवण्या केल्या, पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. मग ती अंधारात कडा उतरून घरी गेली. शिवाजी महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा सत्कार केला आणि ती उतरली त्या कड्यावर बुरुज बांधला. तोच हिरकणी बुरुज.

या कथेत तीन गोष्टी आहेत : दरवाजा, कडा आणि बुरुज. सांगणारा नेहमी कड्यापाशी रेंगाळतो. काटेकुटे, फाटलेले लुगडे, रक्ताळलेले हातपाय यांचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले आहे. प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१९ च्या ‘हिरकणी’ या चित्रपटाचा सगळा चढही त्या उतरणीकडेच जातो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण कडा दाखवता येतो. दरवाजाची वेळ दाखवण्यासारखी नसते.

पण कथा सावकाश वाचली की वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. हिरकणी गडावर हौसेने गेलेली नव्हती. ती पोटासाठी कामावर गेलेली ओली बाळंतीण होती. दूध हेच तिचे काम. गडावरच्या घरोघरी दूध पोचवायचे आणि घरी आपले बाळ दुधावाचून रडत ठेवायचे, हा विरोध कथेच्या पोटातच आहे, मात्र कोणी सांगणारा तिथे थांबत नाही. बाळंतपणानंतर किती दिवसांनी तिने डोक्यावर घागर घेतली, दिवसभर बाळ कोणाजवळ होते, एक दिवस खाडा केला असता तर काय झाले असते, हे प्रश्न कथेला पडत नाहीत. तिचे आईपण सूर्यास्तानंतर सुरू होते. त्याआधी ती फक्त दूधवाली आहे.

आता बुरुजाकडे पाहू. लढाईच्या हिशेबाने त्याचा अर्थ उघड आहे. जिथून एक बाई उतरू शकते, तिथून शत्रू चढू शकतो. म्हणून ती वाट बंद केली. गडाचा धनी दुसरे काय करणार? रात्री दरवाजा न उघडणे हीदेखील गडाची शिस्तच होती. कथेतला राजा आपले कर्तव्य चोख बजावतो, वर एका गरीब बाईचा मान राखतो. त्याच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. प्रश्न आपल्यापुढचा आहे. आपल्या कचेरीला किंवा कारखान्याला शत्रूचा वेढा पडलेला नाही. तरीही कामावरच्या आईला आपण तेच उत्तर देतो : सत्कार करतो, तिच्या नावाने काहीतरी बांधतो आणि दरवाजाची वेळ होती तीच ठेवतो.

डिसेंबर २०२२ मध्ये हे सगळ्या राज्याने पाहिले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. छायाचित्रे छापून आली, कौतुक झाले. कौतुकाचे शब्दही ठरलेलेच होते : आजची हिरकणी. विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईतल्या कक्षात धूळ असल्याची तक्रार त्याच आमदारांना जाहीरपणे करावी लागली. कायदे करणाऱ्या सभागृहातल्या आईची ही गत असेल, तर बाकीच्यांचे काय, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. माझ्या मते त्याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. जिला खोली मिळाली आणि खोलीबद्दल तक्रार करता आली, ती दरवाजाच्या आत होती.

आपला प्रसूतिविषयक कायदाही दरवाजाच्या आतल्या बाईसाठी झाला, आणि तो सहजी झालेला नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्यालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला, मध्य प्रांताचा १९३० मध्ये. देशभरासाठीचा १९६१ चा कायदा बारा आठवड्यांची पगारी रजा देणारा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवण्यास मनाई आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच चौकट ठेवली.

चौकट चांगली आहे, पण तिला उंबरठा आहे. आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेले असले पाहिजे. मालक असला पाहिजे, हजेरीपट असला पाहिजे, आस्थापना असली पाहिजे. अकोल्याची सावतराम मिल किंवा अचलपूरची विदर्भ मिल यांच्या काळात वऱ्हाडातल्या काही बायका तरी या उंबरठ्याच्या आत होत्या. मिलचे भोंगे थांबले. उरल्या त्या जिनिंग-प्रेसिंग. त्यांचे काम हंगामी आणि मजूर बहुतेक ठेकेदाराचे. ८० दिवस भरले, हे सांगणारा कागद तिथल्या बाईच्या हातात क्वचितच असतो. आणि जिनिंगमध्ये कापूस येतो ज्या वावरातून, तिथे तर दरवाजाच नाही.

पऱ्हाटीच्या वेचणीला बायकाच लागतात. कमरेला ओटी बांधायची, वाकून दोन्ही हातांनी बोंडातला कापूस काढायचा, ओटी भरली की धुऱ्यावर गंजीत टाकायचा आणि संध्याकाळी मापाला उभे राहायचे. मजुरी किलोमागे. हा किलोचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण बाळंतिणीचा सगळा प्रश्न त्यात अडकला आहे. दिवसपाळीच्या मजुरीत पाजायला बसलेली अर्धी घटका मालकाच्या खात्यावर पडते. किलोच्या मजुरीत ती आईच्या खात्यावर पडते. पहिल्या काही महिन्यांत बाळाला दोन-तीन तासांनी पाजावे लागते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ओटी सोडायची, धुऱ्यावरच्या निंबाखाली झोळीशी जायचे आणि परत तास धरायचा. तेवढ्यात शेजारणीचा तास पुढे गेलेला असतो. तिला कोणी अडवलेले नाही. मुकादम रागावतही नाही. काटा मात्र बोलतो. कायद्याने पाजण्याची सुट्टी दिली तरी ती कशातून द्यायची, हे इथे कोणालाच सांगता येणार नाही.

मग बायका आपापली तोड काढतात. थोरल्या मुलीला शाळेतून थांबवून झोळीजवळ बसवतात. बाळ सासूकडे ठेवतात आणि वरचे दूध सुरू होते. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, हा आरोग्य खात्याचा संदेश अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असतो. तो चूक नाही. त्या सहा महिन्यांची मजुरी कोण देणार, हे त्या भिंतीवर लिहिलेले नसते. आपल्याकडे सव्वा महिन्याच्या बाजेची, शेकशेगडीची, डिंकाच्या लाडवांची परंपरा फार अभिमानाने सांगितली जाते. ती ज्यांच्या घरी वर्षाचे धान्य भरलेले असे, त्यांची परंपरा होती. मजुराच्या घरात बाज कधी उचलायची हे पंचांगाने ठरत नाही, हंगामाने ठरते. आशा कार्यकर्तीने बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी भेटी द्यायच्या असतात. वेचणी ऐन भरात असेल तर त्यातली शेवटची भेट कुलपाशी होण्याचीच शक्यता जास्त.

या बाईसाठी राज्यसंस्थेकडे काहीच नाही असे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देते, तेही हप्त्यांनी. साधा भागाकार करू. पगारदार आईला जे सव्वीस आठवडे मिळतात त्यांचे दिवस होतात १८२. कायद्यातले ६,००० रुपये त्यावर पसरले तर दिवसाला ३३ रुपयांच्या आत येतात, योजनेतले ५,००० पसरले तर साडेसत्तावीसच्या आसपास. एका आईला पूर्ण पगार आणि दुसरीला हे. बाळ दोघींचे सारखेच भुकेले असते.

इथे मला दुसरी कथा आठवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे, एकट्या सीतेचे. लोक सांगतात ते असे : वनात सोडलेली सीता इथे आली, इथेच लव-कुशांचा जन्म झाला. बाळंतपणात खायला हवे म्हणून ती गावात घरोघर पसाभर गहू मागत फिरली. कोणी दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. शरद जोशींनी या मंदिराचा जीर्णोद्धार घडवून आणला आणि एकटीच्या बळावर उभ्या राहिलेल्या बायकांचा तिथे सन्मान केला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनापासून शेतकरी बाईचा प्रश्न मांडणाऱ्या माणसाला ही कथा जवळची वाटावी, यात नवल नाही.

दोन कथांची बांधणी समोरासमोर ठेवून पाहावी. दोन्हींत तान्ह्या लेकराची आई आहे, दोन्हींत बंद दार आहे. हिरकणी दारावर हात मारून थकते आणि स्वतःचा जीव पणाला लावून वाट काढते. कथा तिथे तृप्त होते, कारण आईने सगळे निभावले आणि कोणाचेच काही गेले नाही. रावेरीची सीता कडा उतरत नाही. ती मागते. तिचे मागणे अगदी लहान आणि मोजता येण्याजोगे आहे : एक पसा गहू. नकार मिळाल्यावर शिक्षा तिला होत नाही, गावाला होते, आणि ती पिकाच्या रूपाने होते. बाळंतिणीला उपाशी ठेवणाऱ्या शिवाराचा कस जातो, असे ही कथा म्हणते. हिरकणीच्या कथेत समाज प्रेक्षक आहे, रावेरीच्या कथेत तो देणेकरी आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायद्याच्या भाषेत जे मांडले, ते या कथेने शापाच्या भाषेत सांगितले आहे.

वऱ्हाडात पहिल्या वेचणीआधी सीतादही करण्याची रीत आहे. पऱ्हाटीशी दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, मग कापसाला हात लावतात. सीतेला आधी घास आणि मग पीक, असा तो क्रम आहे. रावेरीची कथा आणि ही रीत एकाच मुळातून आल्या असा दावा मी करणार नाही. पण दोन्ही एकत्र वाचल्या तर या प्रदेशाच्या स्मृतीत एक नियम स्पष्ट दिसतो : पिकावर पहिला हक्क आईचा. त्याच वावरात अडीच महिन्यांचे लेकरू झोळीत टाकून काट्याच्या धाकाने वेचणारी बाई असते, आणि नैवेद्य तिच्याच हाताने ठेवला जातो.

कोणी म्हणेल, हिरकणीच्या धैर्याला हा लेख कमी लेखतो. तसे नाही. कडा उतरणाऱ्या बाईविषयी मला आदरच आहे. आक्षेप आहे तो त्या धैर्याला धोरण मानण्याला. आईचे धैर्य गृहीत धरले की बाकीच्यांचे काम संपते, एक पाटी लावली की पुरते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा येईल : वावरात हे जमणार कसे? कोरडवाहू शेतकरी स्वतःच कर्जात आहे, त्याने पगारी रजा कुठून द्यावी? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच भार एकट्या शेतमालकावर टाकून चालणार नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचे, असा नियम आहे. म्हणजे लेकरू सांभाळणे ही मजुरी आहे, हे राज्यसंस्थेने मान्य केलेले आहे. तोच नियम वेचणीच्या तीन-चार महिन्यांत गावाच्या अंगणवाडीला लावता येईल. मातृवंदनेची रक्कम किमान मजुरीच्या दराशी जोडता येईल आणि ती पहिल्या सव्वा महिन्यातच हातात पडेल असे पाहता येईल. यातले काहीही कडा उतरण्याइतके अवघड नाही.

हिरकणी कक्ष असावेत, स्वच्छ असावेत, अधिक असावेत. पण वऱ्हाडातल्या आईसाठी पुढची योजना आखायला कोणी बसेल तेव्हा नाव शोधायला रायगडापर्यंत जाण्याची गरज नाही. राळेगाव तालुक्यात एक मंदिर आहे, आणि तिथली सीता अजून गहूच मागते आहे.