जुनं कोणाला म्हणायचं? – संगणक, लिनक्स आणि आपले शब्द



आजचं उदाहरण घरातलंच आहे. अंबरनाथला, बुवापाड्यात, आमच्याकडे २ जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप आहे. विंडोज सुरू होईपर्यंत चहा उकळून, पिऊन व्हायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, भंगारात द्या." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे बघा, यंत्र बिघडलेलं नव्हतं. अट बदलली होती.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती 'सत्' कशाला म्हणतो? ज्याच्यात अर्थक्रियेचं, म्हणजे काही घडवून आणण्याचं सामर्थ्य आहे, त्याला. या कसोटीवर आमचा डेस्कटॉप अजून 'सत्' होता. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं. त्यासाठी हार्डडिस्कला हातही लावावा लागत नाही. पटलं, तेव्हा डेबियन बसवलं, हलक्या डेस्कटॉपसह. इन्स्टॉल करतानाच भाषा म्हणून मराठी निवडता येते. लिहिणं, वाचणं झकास चालतं. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की मात्र धाप लागते. तेही सांगितलं पाहिजे.

इथवर प्रचारकांचं म्हणणं खरं. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. चालवा, अभ्यासा, वाटा, बदला, ही त्या चळवळीची चार स्वातंत्र्यं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स आलं. आपल्या सी-डॅकने डेबियनच्याच पायावर 'बॉस' उभं केलं. आमची टीका पुढे सुरू होते.

आम्ही आमची वीस वर्षांची व्याख्यानं उघडली, आणि पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! का? तेव्हा आम्ही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करत होतो. त्यात फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. रोमन अक्षरांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. 'तर्क' घ्या. युनिकोडमध्ये त, मग र्, मग क. जुन्या फॉन्टमध्ये त, क आणि शेवटी रफाराचं चिन्ह. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: तिथे ती अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे रूपांतर करताना क्रमही फिरवावा लागतो. जुन्या विंडोजमधली फॉन्टची फाइल आणून बसवली, तेव्हा मजकूर वाचता आला. कन्व्हर्टरने बराचसा युनिकोडमध्ये आला; रफार आणि वेलांट्या हाताने नीट करतो आहोत. तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि आता 'तर्क' दुरुस्त करत बसलोय!

मुद्दा असा. स्वातंत्र्याची चर्चा यंत्रावर आणि प्रणालीवर थांबते. पण आपण लिहिलेलं कोणाच्या ताब्यात आहे? प्रणाली अर्ध्या तासात बदलते. वीस वर्षांची सवय बदलत नाही. आणि दोष फक्त कंपन्यांचा म्हणून चालणार नाही. युनिकोड आल्यावरही आम्ही जुनाच फॉन्ट वापरत राहिलो, बोटांना सोयीचा म्हणून. लिनक्सने आमचं काही हिरावलं नाही. आम्ही आधीच काय गहाण टाकलं होतं, ते त्याने दाखवलं.

म्हणून घरी जुना संगणक असेल तर क्रम पाळा. आधी फायलींची प्रत काढा, सोबत फॉन्टचीही. मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग पेनड्राइव्हवर लिनक्स चालवून बघा, आणि शेवटी हार्डडिस्क पुसा. भंगारवाल्याला हाक मारायची घाई नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.