‘मोकळी जागा’ : वऱ्हाडातील नगरोद्यान-धोरणाची परिभाषा

कोणत्याही सार्वजनिक धोरणाची परीक्षा त्याच्या उद्दिष्टांवरून करण्यापेक्षा त्याच्या संज्ञांवरून करणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते. उद्दिष्टे उदात्त असतात आणि बहुधा सर्वत्र सारखीच असतात. संज्ञा मात्र नकाशावर उतरते, तिच्यावर दावे चालतात, आणि जमीन कोणाच्या उपयोगाची हे अखेर तीच ठरविते. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन महानगरपालिकांच्या (स्थापना अनुक्रमे १९८३ व २००१) उद्यानविषयक धोरणाचा विचार या दृष्टीने करणे उपयुक्त होईल. हे धोरण मुख्यतः राज्याच्या कायद्यांतून आलेले असल्याने त्याच्या परिभाषेचे गुणदोषही तेथूनच आलेले आहेत.

प्रथम कर्तव्याचा प्रश्न. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कामे दोन वर्गांत विभागली आहेत. कलम ६३ मधील कामे बंधनकारक, तर कलम ६६ मधील कामे स्वेच्छाधीन होत. सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे व मनोरंजन-मैदाने दुसऱ्या वर्गात पडतात. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुखसोयींचा समावेश झाला. परंतु ती अनुसूची अधिकारक्षेत्र सांगते, सक्ती करीत नाही. अंदाजपत्रकात ओढाताण झाली की प्रथम कात्री कोणत्या बाबीस लागते, याचे उत्तर या वर्गीकरणातच आहे.

दुसरा प्रश्न नामकरणाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये विकास योजनेत काय असावे हे सांगितले आहे. तेथे नाट्यगृहे व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे एका खंडात, तर मोकळ्या जागा, क्रीडांगणे, प्राणिसंग्रहालये व हरितपट्टे दुसऱ्या खंडात आले असून या दुसऱ्या यादीचा शेवट दुग्धशाळांनी होतो. बांधलेले ते करमणुकीचे, न बांधलेले ते मोकळे, असा हा भेद आहे. माणूस त्या जागेत काय करतो, हा वर्गीकरणाचा निकषच नव्हे.

‘मोकळी जागा’ ही संज्ञा मुळातच अभावदर्शक आहे. जेथे काही नाही ती मोकळी जागा. मराठीत ‘मोकळे’ म्हणजे बंधन नसलेले, तसेच रिकामे, आणि रिकाम्या जागेचा स्वाभाविक पुढला टप्पा म्हणजे ती भरणे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०·४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा अशी सोडावी लागते. वऱ्हाडात तिला सर्रास ‘ले-आउटची ओपन स्पेस’ म्हणतात. तिला स्वतःचे नाव नसते, आणि ज्या जागेला नाव नाही तिच्यासाठी भांडणारेही सहसा कोणी नसते.

‘करमणूक’ या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. ‘करमणे’ हे क्रियापद अनुभवकर्त्याची चतुर्थी घेते. नव्या गावी आलेला मनुष्य ‘मला येथे करमत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो खेळतमाशाच्या अभावाविषयी बोलत नसतो, तर स्थळाशी आपले नाते जुळले नाही असे सांगत असतो. उद्यान-धोरणाला याहून नेमका शब्द मिळाला नसता. परंतु १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाने तो तिकिटाच्या खिडकीशी बांधला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत तो तेथेच राहिला. नगररचनेच्या वाट्याला ‘मनोरंजन’ आले. त्यात मन रंजविणारा कोणी दुसराच असतो. नागरिक केवळ प्रेक्षक उरतो. कारंजे, रोषणाई आणि प्रवेशशुल्क यांनाच उद्यानाचा विकास समजण्याची प्रवृत्ती या शब्दाला सहज मानवते.

तिसरा प्रश्न काळाचा. विकास योजनेत ‘आरक्षण’ पडले म्हणजे उद्यान झाले असे नव्हे. कलम १२७ नुसार अंतिम योजनेपासून दहा वर्षांत भूसंपादन न झाल्यास मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर विहित मुदतीत (२०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने) संपादन किंवा त्या दिशेने पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ‘पावले’ कशास म्हणावे, यावर गिरनार ट्रेडर्स प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निवाडा दिला. संपादनाकडे खरोखर नेणारी कृतीच पाऊल ठरते, नुसता ठराव किंवा प्रस्ताव नव्हे, असा त्याचा आशय. याउलट आपली प्रशासकीय मराठी ‘विकसित करण्यात येईल’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ अशा प्रयोगांवर उभी आहे. या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही, आणि मुदतीची आठवणही होत नाही. पत्रव्यवहार चालू राहतो, जमीन जाते.

प्रमाणाचा अंदाज घेण्यासाठी थोडे गणित पुरे. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६·४७ लाख व अकोल्याची सुमारे ४·२५ लाख होती. किमान प्रमाण धरले तरी अनुक्रमे सुमारे ६४७ व ४२५ हेक्टर जागा लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरांत त्या जागेचा अर्थ मुख्यतः सावली असा आहे. परंतु सावलीचे मोजमाप या परिभाषेत कोठेच नाही.

आश्चर्य असे की, उपयोगावरून जागा घडविण्याची परंपरा याच प्रदेशात आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. तेथे आधी व्यायाम होता, मैदान त्याच्या मागून आले. वडाळी व छत्री हे तलाव शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. फिरण्याचे ठिकाण म्हणून लोकांनी ते नंतर आपलेसे केले. अकोल्यात २०१८ च्या आरंभी मोर्णा नदी स्वच्छ करण्यासाठी नागरिक हजारोंच्या संख्येने उतरले. विकास योजनेच्या नकाशावरील रंगांत यांपैकी कशाचीही पुरेशी नोंद होऊ शकत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, कायद्याची भाषा निश्चित हवी, ती लोकांच्या अनुभवाप्रमाणे लवचिक असून चालणार नाही. शिवाय पाणी आणि मलनिस्सारण यांच्या आधी उद्यानाला बंधनकारक ठरविणे अल्प उत्पन्नाच्या पालिकेस झेपणारे नाही. आक्षेपाचा दुसरा भाग वजनदार आहे. परंतु पहिला भाग प्रस्तुत विवेचनास पोषकच ठरतो, कारण ‘मोकळी जागा’ ही संज्ञाच अनिश्चित आहे. प्रत्येक जागेस नाव, तिचा उपयोग, जबाबदार अधिकारी आणि आरक्षणाची अखेरची तारीख एवढ्या चार गोष्टी मराठीत, कर्तरी वाक्यांत लिहून प्रभागात लावण्यास फारसा निधी लागत नाही. तेवढे झाले, तर आरक्षण व्यपगत होण्यापूर्वी ते कोणाच्या तरी ध्यानात येईल. सध्या ते बहुधा नंतरच येते, आणि तोपर्यंत त्या जागेवर पाया खणून झालेला असतो.