मोजलेली पदके आणि न वाचलेले डाव

जपानात बुद्धिबळाच्या कुळातला ‘शोगी’ नावाचा एक्याऐंशी घरांचा खेळ आहे. तेथील व्यवसायी खेळाडूचा योगक्षेम कोण चालवितो, असे कोणी विचारले तर वर्तमानपत्राचा वाचक, असे उत्तर द्यावे लागेल. तेथील ‘मेइजिन’ हे श्रेष्ठपद पूर्वी एकदा लाभले की आमरण टिकत असे. 1935 मध्ये ही रीत मोडली. पद सामन्यांत जिंकावयाचे ठरले आणि ‘तोक्यो निचीनिची’ या दैनिकाने त्या सामन्यांचा भार उचलला. 1937 मध्ये किमुरा योशिओ या पद्धतीने पहिला मेइजिन झाला. त्या दैनिकाच्या मोबदल्यात वाचकांस काय मिळाले? एकेक डाव अनेक दिवस हप्त्याहप्त्याने छापून येऊ लागला. आज दहा खेळ्या, उद्या आणखी दहा, आणि सोबत जाणत्या लेखकाचे विवेचन. ‘गो’ या भावंड-खेळाचे तर असे भाग्य की, होनिनबो शुसाई या वृद्ध आचार्याच्या 1938 मधील अखेरच्या डावाचे वृत्तलेखन पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या यासुनारी कावाबाता यांनी केले, आणि त्या डावातूनच त्यांची एक श्रेष्ठ कादंबरी जन्मास आली.

ही परदेशची कथा येथे सांगण्याचे कारण असे की, वर्तमानपत्र आणि बुद्धिबळाचा पट ही दोन्ही एकाच छपराखाली नांदली असे एक घर महाराष्ट्रातही आहे. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 1923 मध्ये ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू व त्याच पत्राचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन कन्या म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी. भारतीय महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिले अजिंक्यपद वासंतींनी मिळविले, आणि 1983 पर्यंतच्या दहा वर्षांत ते या तिघी बहिणींच्या बाहेर गेले नाही : वासंतींकडे एकदा, जयश्रींकडे चार वेळा, रोहिणींकडे पाच वेळा. 1981 आणि 1983 मध्ये रोहिणी आशियाच्या विजेत्या झाल्या. अर्जुन पुरस्कारही त्यांस लाभला.

ही यादी आम्हां सर्वांस ठाऊक आहे, आणि प्रस्तुत लेखाची तक्रार नेमकी येथेच सुरू होते. रोहिणी खाडिलकरांविषयी मराठीत जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा ‘पहिली’ या विशेषणाभोवतीच लेखणी घुटमळत राहते. 1976 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तीन राज्यांच्या विजेत्यांस त्यांनी हरविले, गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष, स्वतः एके काळचे जगज्जेते असलेले डॉ. माक्स यूवे यांनी, स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कोणालाही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद करता येणार नाही, असा निर्णय दिला. प्रसंग थोर आहे, यात शंका नाही. परंतु तो सांगताना आपण न्यायालयाच्या पायऱ्या वर्णितो, गदारोळ वर्णितो, मुलीचे वय वर्णितो. ज्या तीन डावांनी तिचा हक्क पटावर सिद्ध केला, त्या तीन डावांपैकी एकाची एक खेळी तरी आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? प्रस्तुत लेखकही या प्रश्नापुढे निरुत्तर आहे. त्यामुळे हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून त्यास मोकळे होता येत नाही.

याच न्यायाने त्यांच्या पणजोबांच्या नाटकांची समीक्षा झाली असती तर? ‘कीचकवधा’चे प्रयोग किती झाले, सरकारने त्यावर 1910 मध्ये बंदी कशी घातली, एवढेच सांगून टीकाकार थांबला असता, तर त्यास आपण टीकाकार म्हटले असते काय? नाटकाचे मोल संवादांत आणि प्रवेशांच्या रचनेत शोधावे लागते. बुद्धिबळपटूचेही तसेच आहे. त्याची कृती म्हणजे त्याचा डाव. पदक हा त्या कृतीचा परिणाम होय. आणि परिणामावरून कृती ओळखणे म्हणजे तिकिटांच्या विक्रीवरून नाटक जोखण्यासारखे आहे. खेळाडू उंटाचा जोड कसा जपतो, गर्दीच्या डावात त्याची बुद्धी खुलते की मोजकीच मोहरी उरल्यावर, हरत्या डावात तो कसा वागतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘कारकीर्द’ हा शब्द उच्चारण्याचा आपणांस अधिकार नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. बुद्धिबळ हा जाणकारांचा विषय. घरी चहाबरोबर वर्तमानपत्र चाळणाऱ्यास खेळ्यांची आकडेमोड काय कळणार? परंतु संगीत नाटकाच्या ऐन बहरात थिएटरात बसलेल्या किती जणांस रागांची लक्षणे पाठ होती? ऐकता ऐकता आणि जाणत्यांचे बोलणे कानांवर पडता पडताच महाराष्ट्राचा कान तयार झाला. जपानी वाचकही जन्मतःच शोगीचा रसिक नव्हता. रोजच्या रकान्याने त्यास घडविले. मराठीतही बुद्धिबळाची सदरे आली आहेत आणि त्यांतील काही उत्तम आहेत. परंतु नाटकाचे परीक्षण जसे घरातील सर्वांनी वाचावयाचे असते, तशी डावाच्या परीक्षणाची सवय आपल्या घरांस लागलेली नाही.

ही सवय केवळ रसिकतेची बाब असती तर एवढा आग्रह धरण्याचे कारण नव्हते. हिंगोली जिल्ह्यातील वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या बुद्धिमान मुलीचा विचार करावा. मुंबईत किंवा पुण्यात ज्या सहजतेने शिक्षक आणि तोलामोलाचे प्रतिस्पर्धी भेटतात, तसे तिला भेटत नाहीत. छापील डाव मात्र तिच्या हाती सहज पडू शकतो. कोणी जिंकले, एवढी वार्ता वाचून तिला अभिमान वाटेल. कसे जिंकले, हे वाचून ती खेळू लागेल. अभिमान आणि विद्या यांतील हे अंतर ज्यांस लहान वाटते, त्यांनी अशा गावात एक वर्ष काढून पाहावे.

रोहिणी खाडिलकर 1993 मध्ये स्पर्धांतून निवृत्त झाल्या. पुढे त्यांनी मुद्रणाची विद्या संपादन केली, आणि 1998 मध्ये ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाच्या संपादकपदी त्या बसल्या. पट सोडण्याची कारणे ज्याची त्यास ठाऊक. त्यांत डोकावण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. शोगीत मारलेला मोहरा पेटीत पडून राहत नाही. ज्याने तो घेतला, त्याच्या बाजूने तो पुन्हा पटावर उतरतो. वर्तमानपत्राच्या घरातून निघालेली ही बुद्धी वर्तमानपत्राच्याच पटावर पुन्हा उतरली, ही त्या घराची मिळकत झाली.

मराठी वाचकाची मिळकत मात्र अद्याप बाकी आहे. त्या दहा वर्षांतले निवडक डाव, खेळणारीच्या स्वतःच्या टिपणांसह, खाडिलकरांच्या नाटकांशेजारी आपल्या घरांतील कपाटात असावेत. तोवर त्यांच्या कारकीर्दीचा गौरव आपण पुष्कळ केला, पण परीक्षण केले नाही, एवढे तरी प्रामाणिकपणे कबूल करावे.