घाट, बोंबील आणि 'हॉब्सन-जॉब्सन'

कुसगावात घाट म्हणजे डोंगर नाही. घाट चढतात, उतरतात, घाटात ट्रॅफिक लागलं की शिव्या देतात. डोंगराला आम्ही डोंगर म्हणतो, फार तर सह्याद्री. मग 'वेस्टर्न घाट्स' ही अख्खी पर्वतरांग कशी झाली?

याचं उत्तर मला 'हॉब्सन-जॉब्सन' या जाडजूड कोशात मिळालं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले शब्द हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी गोळा केले. कोश १८८६ साली निघाला. तो सांगतो की घाट म्हणजे आधी पाण्याकडे उतरायची जागा, मग डोंगरातली वाट, आणि साहेबांच्या तोंडी शेवटी डोंगरच. तोच अर्थ 'पश्चिम घाट' होऊन आपल्या भूगोलाच्या पुस्तकात परत आला. २०१२ साली युनेस्कोच्या वारसा यादीतही याच नावाने गेला.

असे शब्द चघळायला मजा येते. आपलं मुंगूस इंग्रजीत 'मंगूस' झालं आणि त्याच्या शेपटाला उगाच 'गूस' हा पक्षी चिकटला. गूसचं अनेकवचन गीस, मंगूसचं मात्र मंगूसेस!

बोंबलाची गंमत आणखी वेगळी. सुक्या बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. मुंबईच्या डाकगाडीला बोंबलाचा वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', ही गोष्ट तुम्हालाही कुणीतरी फॉरवर्ड केली असेल. पण मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ साली, आणि 'बॉम्बे डक' हे नाव १८२९ च्या छापील पुस्तकात आहे. गाडीच नव्हती, तर वास कुठला? 'हॉब्सन-जॉब्सन' इथे मोल्सवर्थच्या मराठी कोशातला 'बोंबील' दाखवतो आणि नावाचं मूळ स्पष्ट नाही म्हणून मोकळा होतो. मला या कोशाचा हा प्रामाणिकपणा सगळ्यात जास्त आवडतो. आपल्या रील्समध्ये नेमका तोच नसतो.

माझी तक्रार आहे ती कोशाच्या नावाबद्दल. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटत 'या हसन! या हुसेन!' म्हणतात. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं, आणि यूलला ते कोशाला शोभेल असं गमतीदार नाव वाटलं. व्युत्पत्ती अचूक आहे. पण तो शोक होता, आणि शोक करणाऱ्याला हा विनोद कसा लागेल, याला या कोशात जागा नाही.

हे फक्त साहेबांचं नाही. 'घाटी' शब्दाचं मूळ साधं आहे: घाटावरून आलेला माणूस. मुंबईत तोच शब्द हिणवायला वापरतात. मूळ कितीही निरुपद्रवी असलं तरी ऐकणाऱ्याला ते बोचायचं थांबत नाही. शब्द कुठून आला हे व्युत्पत्ती सांगते. तो आज कोण कुणाला आणि कुठल्या सुरात म्हणतंय, ते आपल्यालाच ऐकावं लागतं.

तरीही हा कोश वाचाच. नेटवर फुकट आहे, आणि एकेक नोंद फोनवर आरामात वाचून होते. 'घाट'पासून सुरुवात करा, शेजारी मोल्सवर्थ उघडा ठेवा. साहेबांनी काय ऐकलं आणि आपण काय म्हणत होतो, यातलं अंतर तिथे दिसतं.