निकालपत्रातील ‘ए’ आणि कादंबरीतील अ‍ॅडम

इंग्लंडमधील कुटुंबविषयक निकालपत्रांत मुलाला सहसा नाव नसते. नावाच्या जागी एक अक्षर येते. इयन मॅक्युअन यांच्या ‘द चिल्ड्रन अ‍ॅक्ट’ (२०१४) या कादंबरीत न्यायाधीश फिओना मे एका रक्तकर्करोगग्रस्त मुलाविषयी निर्णय देते. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या श्रद्धेपायी त्याने परक्याचे रक्त घेण्यास नकार दिला आहे. निकालपत्रापुरता तो केवळ ‘ए’ असतो. वाचकाला मात्र तो अ‍ॅडम हेन्री म्हणून भेटलेला आहे: अठरावे वर्ष पुरे व्हायला थोडेच महिने उरलेला, कविता करणारा, रुग्णशय्येवर व्हायोलिन हाती घेतलेला. या कादंबरीची चर्चा सामान्यतः धर्म आणि कायदा यांच्या संघर्षाभोवती फिरते. वस्तुतः ‘ए’पासून अ‍ॅडमपर्यंतचे अंतर हा तिचा अधिक मर्मस्पर्शी विषय होय.

न्यायाधीशांच्या निकालपत्रांतील गद्याने आपणास भुरळ घातली, असे मॅक्युअन यांनी स्वतःच नमूद केले आहे. ते स्वाभाविक आहे. निकालपत्रातही माणसे असतात, पेच असतो, आणि शेवट टाळता येत नाही. परंतु एका बाबतीत कादंबरी आणि निकालपत्र यांचे धर्म परस्परविरुद्ध आहेत. कादंबरीचा प्राण तपशिलात असतो. निकालपत्राला तपशिलाचेच भय असते. नुसते नाव गाळून भागत नाही. गाव, बापाचा धंदा, भावंडांची संख्या, एखादे दुर्मीळ दुखणे, एवढे एकत्र आले की शेजाऱ्याला आणि शाळासोबत्याला मूल ओळखता येते. उलट, हे सारे पुसून टाकावे, तर मूल आईवडिलांपासून का दूर केले याची संगतीच लागत नाही. निष्कर्ष तेवढा उरतो, आणि तो निमूट मान्य करावा लागतो. आईच्या कुशीतून मूल उचलणारी सत्ता अशा रीतीने निरीक्षणावाचून राहते.

न्यायसंस्थेला हा पेच अपरिचित नाही. एका बापाने आपले नवजात अर्भक ताब्यात घेतले जात असतानाची चित्रफीत फेसबुकवर टाकली. त्या प्रकरणात २०१३ साली सर जेम्स मन्बी यांनी मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई केली. चित्रांवर सरसकट बंदी घालण्यास मात्र नकार दिला. (तान्ह्याचा चेहरा परक्याला फारसे काही सांगत नाही, नाव सांगते.) २००९ पासून वार्ताहरांना अशा बहुतेक सुनावण्यांना बसता येऊ लागले होते, परंतु १९६० च्या कायद्यामुळे तेथे पाहिलेले परवानगीवाचून बहुतांशी लिहिता येत नसे. पाहू द्यावे आणि लिहू देऊ नये, ही व्यवस्था विचित्रच म्हटली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइल येथे वेगळा प्रयोग सुरू झाला, आणि जानेवारी २०२५ पासून तो इंग्लंड व वेल्सभर लागू होऊ लागला: मुलाची ओळख झाकून, न्यायाधीशाने आखलेल्या मर्यादेत वृत्तान्त देता येतो.

या पार्श्वभूमीवर मॅक्युअन यांची मर्यादा ध्यानात येते. त्यांनी निवडलेले न्यायासन उच्च आहे, तेथील भाषा प्रसन्न आहे, आणि वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे आहेच. ज्या साध्या न्यायकक्षांत रोज मुलांचे ताबे ठरतात, तेथील कोंदटपणा या कादंबरीत शिरत नाही. निकालपत्राच्या डौलावर लेखक इतका लुब्ध आहे की, कारणे सुरेख मांडली म्हणजे ती तपासली गेली, असा भास वाचकाला होत राहतो.

तथापि उत्तरार्धात त्यांची दृष्टी अचूक ठरते. निकालानंतर अ‍ॅडम फिओनाला पत्रे लिहितो, तिच्यामागे न्यूकॅसलपर्यंत जातो. तेथील क्षणभराचे चुंबन कोणत्याही दप्तरात येत नाही, आणि ते येऊ नये याचीच तिला धास्ती वाटते. झाकलेपण मुलासाठी होते. लाभ तिला होतो. अ‍ॅडमला लपायचे नसते, कोणीतरी उत्तर द्यावे एवढेच हवे असते. पुढे तो अठरा वर्षांचा होतो, रोग उलटतो, आणि या वेळी रक्त नाकारण्याचा अधिकार सर्वस्वी त्याचा असतो. त्याच्या मृत्यूची वार्ता फिओनाला एका मैफलीच्या संध्याकाळी कळते. निकालपत्रात ‘ए’चे प्राण वाचलेलेच असतात.